सतरा अक्षरं, उच्चार फॅनशॉ

एफ, ई, ए, टी, एच, ई, आर, एस, टी, ओ, एन, ई, एच, ए, यू, जी, एच. मोजून सतरा अक्षरं, आणि हे सगळं मिळून एका इंग्रज माणसाचं आडनाव. लिहिलंय तसं वाचायला गेलात तर फेदरस्टोनहॉघ, फेदरस्टोनहॉफ असं काहीतरी अडखळत तोंडातून निघेल. समोरचा माणूस ते शांतपणे ऐकून घेईल आणि सांगेल, 'फॅनशॉ'.

मराठी माणसाला यात चेष्टेचा वास येतो. आपण 'कुलकर्णी' लिहितो आणि 'कुलकर्णी'च म्हणतो. सतरा अक्षरं लिहायची आणि त्यातली निम्म्याहून जास्त गिळून टाकायची, हा काय प्रकार? तरी तो नीट उलगडून पाहिला तर इंग्रज आडनावं कशी जन्मतात, कशी झिजतात आणि कशी मरतात, हे या एकाच नावात सापडतं. म्हणून इथे स्मिथ-जोन्सच्या गर्दीत न जाता या फॅनशॉंच्याच मागे जाऊ. (देवनागरीत एकदा फॅनशॉ लिहिलं की वाद मिटला.)

सुरुवात गावापासून. इंग्लंडच्या अगदी उत्तरेला, स्कॉटलंडच्या सीमेलगत नॉर्थम्बरलंड नावाची काउंटी आहे. तिथे हॉल्टव्हिसल या छोट्या गावाजवळून साउथ टाइन नदी वाहते आणि तिच्या काठावर फेदरस्टोनचा किल्ला उभा आहे. आडनाव या जागेचं. आता त्याचे तुकडे पाडू. शेवटचा तुकडा 'हॉ'. उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये नदीकाठच्या सपाट, गाळाच्या जमिनीला हा शब्द आहे. आपल्याकडे जिला मळई म्हणतात तीच ही. मधला तुकडा 'स्टोन', म्हणजे दगड. पहिला तुकडा मात्र फसवा आहे. आजच्या इंग्रजीत 'फेदर' म्हणजे पीस, त्यामुळे 'पिसाचा दगड' असा अर्थ लावायचा मोह होतो. स्थाननामांचे अभ्यासक सांगतात की जुन्या इंग्रजीत या शब्दाचा संबंध 'चार'शी आहे. चार दगड, म्हणजे तीन उभे आणि त्यांवर एक आडवा ठेवलेला, अशी प्राचीन रचना. इतिहासपूर्व काळातले असे दगड ब्रिटनभर ठिकठिकाणी आहेत. तेव्हा फॅनशॉ म्हणजे 'चार दगडांजवळच्या मळईवरचे'. आपल्या पद्धतीनं नाव ठेवायचं तर 'चारधोंडे-मळईकर'!

त्या 'कर'शी जरा थांबायला हवं, कारण इंग्रजांकडे तो नाही. सातारकर, पेडणेकर म्हटलं की गाव कुठलं आणि माणूस कोण हे लगेच कळतं. इंग्रजीत पूर्वी गावाच्या नावाआधी फ्रेंच वळणाचं 'द' लावत, 'अमुक गावचा' अशा अर्थानं. पुढे ते 'द' गळून पडलं आणि नुसतं गावच माणसाला चिकटलं. समजा तुमच्या वर्गशिक्षकांचं नाव 'रामभाऊ वाई' आहे. तसं.

हे चिकटणं झालं कधी? 1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं, त्याआधी तिथे पिढीजात आडनाव ही चीज नव्हतीच. माणसाला एक नाव असे. गावात त्याच नावाचे चार जण निघाले तर कुणी 'लोहार विल्यम', कुणी 'लाल्या विल्यम', कुणी 'जॉनचा विल्यम', कुणी 'टेकडीवरचा विल्यम'. ही ओळख त्या माणसाबरोबरच संपायची. लोहाराचा मुलगा खाटीक झाला की तो 'खाटीक'. नॉर्मन सरदारांना मात्र जमिनीवर पिढ्यानपिढ्या हक्क सांगायचा होता, म्हणून त्यांनी जमिनीचं नाव घराण्याला लावून टाकलं. मग हळूहळू ही सवय खाली झिरपली. करवसुली करणाऱ्या कारकुनांना आणि कोर्टकचेऱ्यांना 'हा विल्यम नेमका कोण' हे कागदावर लिहायचं होतंच. 1377, 1379 आणि 1381 साली डोईपट्टी बसली, तिच्या याद्यांमध्ये ही नावं घट्ट होताना दिसतात. साधारण 1400 पर्यंत बहुतेक इंग्रज कुटुंबांना बापाकडून मुलाकडे जाणारं आडनाव मिळालेलं होतं.

त्यातही एक गंमत आहे, आणि ती आपल्यालाही लागू पडते. गावाचं नाव गावात राहणाऱ्याला सहसा मिळत नाही. साताऱ्यात सगळेच साताऱ्याचे, तिथे सातारकर म्हणून कुणाला हाक मारणार? ते नाव मिळतं पुण्यात येऊन राहिल्यावर. अपवाद गावाच्या मालकाचा. तो गावातच राहतो आणि गावाचं नाव लावतो, कारण गावच त्याचं असतं. फॅनशॉ या दुसऱ्या प्रकारातले, किल्ल्याचे धनी. साहजिकच त्यांचा इतिहास सीमेवरच्या मारामाऱ्यांनी भरलेला आहे. इंग्लंडच्या यादवी युद्धात सर टिमथी फेदरस्टोनहॉ राजाच्या बाजूनं लढले, पकडले गेले आणि 1651 मध्ये चेस्टरला त्यांचं डोकं उडवण्यात आलं. या घराण्याच्या एका जुन्या खुनावर एक पोवाडाही आहे, म्हणजे आहे असं बराच काळ मानलं जात होतं. डरहॅमचे इतिहासकार रॉबर्ट सर्टीझ यांनी तो स्वतःच रचला आणि एका म्हातारीच्या तोंडून उतरवून घेतल्याची थाप मारून वॉल्टर स्कॉटकडे पाठवला. स्कॉटनं तो खरा समजून 1808 मध्ये छापला. लोकगीतांचा एवढा मोठा जाणकार, पण फसला.

आता उच्चाराकडे वळू.

इंग्रजी बोलताना शब्दातल्या एका जागेवर जोर पडतो, बहुधा पहिल्या. बाकीची अक्षरं त्या जोराखाली दबून अर्धवट उच्चारली जातात. नाव रोज, घाईत, शेजाऱ्यांच्या तोंडात फिरू लागलं की दबलेला भाग आणखी दबतो आणि एक दिवस नाहीसा होतो. 'करतो आहेस'चं 'करतोयस' आपणही केलंच की! फरक इतकाच की आपण ते तसं लिहायलाही लागलो. इंग्रजांचं लिखाण मात्र गोठलं. विल्यम कॅक्स्टननं 1476 मध्ये इंग्लंडात छापखाना आणला, आणि पुढच्या दोन-अडीच शतकांत शब्दांची लेखी रूपं पक्की होत गेली. तोंड पुढे निघून गेलं, कागद जिथल्या तिथे राहिला. शेवटच्या 'जी-एच'चंच पाहा. ही दोन अक्षरं एके काळी खरोखर उच्चारली जायची, घशातून घासून येणाऱ्या 'ख'सारखी. दक्षिणेकडच्या इंग्रजीतून तो ध्वनी गेला. कुठे त्याचा 'फ' झाला, कुठे काहीच उरलं नाही. अक्षरं मात्र शेपटासारखी मागे लोंबत राहिली.

फॅनशॉ यात एकटे नाहीत. चेशायरमध्ये एक घराणं आहे, नाव लिहितात 'चोलमोंडेली' वाटेल असं आणि म्हणतात 'चमली'. 'बोशाँ' दिसणारं फ्रेंच नाव 'बीचम' होतं. 'मार्जोरीबँक्स'चं 'मार्चबँक्स'. संत जॉनच्या नावावरून आलेलं आडनाव तर 'सिंजन' असं ऐकू येतं. हे उच्चार ठाऊक असणं ही इंग्रज उच्चवर्गात बराच काळ 'आपला' आणि 'परका' ओळखायची खूण होती. मला तर वाटतं, ते इतके टिकून राहिले याचं अर्धं कारण हेच असावं. नवख्याला दारातच अडखळायला लावणारा उंबरठा कोण कशाला काढून टाकील?

अर्थात परक्या नावांची झीज करण्यात आपणही कमी नाही. 1779 मध्ये वडगावच्या लढाईच्या सुमारास मराठ्यांशी लढताना मारला गेलेला कॅप्टन स्टुअर्ट आपल्याकडे 'इष्टुर फाकडा' झाला आणि तसाच राहिला. पण आपण निदान लिहितानाही इष्टुरच लिहितो.

एक सावधगिरीची सूचना इथेच देतो. हे आडनाव लावणारे सगळे स्वतःला फॅनशॉ म्हणवत नाहीत. काही घरांत सरळ फेदरस्टनहॉ म्हणतात आणि मधले आणखी दोन-तीन प्रकारही आहेत. स्पेलिंगचंही तसंच. कुणी मधला 'ई' गाळतो, कुणी सुरुवातीचा 'ए'. राजा आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याच्या हुकमानं 1538 पासून चर्चमध्ये लग्नं, बारशी आणि दफनांच्या नोंदवह्या सुरू झाल्या. तिथला पाद्री किंवा कारकून कानावर पडेल तसं लिहायचा, आणि ज्याचं नाव तो लिहीत होता त्याला बहुधा वाचताच यायचं नाही. वर 'फॅनशॉ' असंच लिहायचं एक वेगळं, स्वतंत्र आडनावही इंग्लंडात आहे. ते डार्बीशायरमधल्या एका जागेवरून आलेलं आणि त्याचा या चार दगडांशी काही संबंध नाही. म्हणजे दोन माणसं एकाच उच्चाराची, एक सतरा अक्षरांचा, दुसरा त्याच्या निम्म्याचा, आणि नातं शून्य. त्यामुळे इंटरनेटवर 'या आडनावाचे जगात फक्त इतकेच लोक उरले' अशा याद्या दिसल्या की मी आधी विचारतो, नक्की कुठल्या स्पेलिंगचे?

तरीही हे आडनाव दुर्मिळ आहे यात शंका नाही. का, हे समजून घ्यायला एक रुपयाची दोन नाणी पुरतात.

समजा 1400 च्या आसपास शंभर गावांत शंभर पुरुषांना शंभर वेगवेगळी आडनावं मिळाली. प्रत्येकानं दोन नाणी उडवायची. जितके छापे पडतील तितके मुलगे मोठे होऊन नाव पुढे चालवतील. दोन छापे म्हणजे दोन मुलगे, दोन्ही काटे म्हणजे नाव तिथेच बुडालं. (मुली आहेत, पण त्या काळच्या रिवाजानं त्या लग्न होऊन नवऱ्याच्या आडनावात जाणार.) पहिल्या फेरीत सरासरी पंचवीस घरं बाद होतात. पन्नास घरांत एकेक मुलगा, पंचवीस घरांत दोन-दोन. गंमत म्हणजे एकूण पुरुष शंभरचे शंभरच! लोकसंख्या कमी झालेली नाही, आडनावं मात्र पंचाहत्तरच उरली. दुसऱ्या फेरीत एकेका मुलाच्या घरांतली बारा-तेरा जातात आणि दोन मुलांच्या घरांतलं एखाद-दुसरं. एकूण गेली एकोणचाळीस. पाच पिढ्यांत शंभरातली साठ आडनावं गेलेली असतात. तीस वर्षांची एक पिढी धरली तर आजपर्यंत साधारण वीस पिढ्या होतात, आणि तोवर पंच्याऐंशी नावं पुसली गेलेली असतात. उरलेल्या पंधरा नावांत तेच शंभर पुरुष वाटले गेलेले. कुणी कुणाला मारलं नाही, साथ आली नाही, दुष्काळ पडला नाही. नुसती नाणी पडत होती.

हा प्रश्न गणितात पहिल्यांदा गाजवला फ्रान्सिस गाल्टननं. बड्या इंग्रज घराण्यांची नावं एवढी भराभर का बुडतात हे कोडं त्यानं 1873 मध्ये एका शैक्षणिक नियतकालिकात जाहीरपणे घातलं. उत्तर दिलं हेन्री वॉटसन या गणिती पाद्र्यानं, आणि 1874 मध्ये दोघांचा निबंध आला. वॉटसनचं गणित सुंदर होतं, निष्कर्ष मात्र चुकला. त्याच्या मते प्रत्येक आडनाव आज ना उद्या बुडणारच. प्रत्यक्षात सरासरी एका पुरुषामागे एकाहून जास्त मुलगे नाव चालवत असतील, तर काही नावं कायमची तरून जातात. फ्रान्समध्ये बिएनेमे नावाच्या गणितज्ञानं हे 1845 मध्येच ओळखलं होतं, पण त्याच्याकडे तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही. आज हेच गणित अणूंच्या साखळी अभिक्रियेला आणि साथीच्या रोगांनाही लावतात.

खऱ्या इंग्लंडात नाण्यांखेरीज बाकी सगळंही होतंच. 1348-49 च्या काळ्या प्लेगनं देशातली निदान एक तृतीयांश माणसं नेली, आणि तीही ऐन आडनावं पक्की होण्याच्या काळात. मग स्मिथ कसे वाचले? स्मिथ म्हणजे लोहार. लोहार गावोगावी, म्हणून स्मिथ हे नाव एकदा जन्मलं नाही, हजारदा जन्मलं. शंभर स्मिथ बुडाले तरी हजारात काही फरक पडत नाही. आज ब्रिटनमध्ये स्मिथ पाच लाखांच्या घरात आहेत. फॅनशॉंचं नाव मात्र एकाच मळईतून निघालेलं, सगळी भिस्त एकाच घरावर. त्यात ज्यांना सतरा अक्षरांचा कंटाळा आला त्यांनी शेपूट छाटून नुसतं 'फेदरस्टोन' केलं, की तीही शाखा हिशेबातून गेली. आणि प्रत्येक फेदरस्टोन मूळचा फॅनशॉ असंही नाही. त्या नावाची गावं यॉर्कशायर आणि स्टॅफर्डशायरमध्येही आहेत.

एकाच मूळ पुरुषापासून निघालेलं नाव आणि हजारदा जन्मलेलं नाव, यांतला हा फरक आता रक्तातही तपासता येतो. आडनाव बापाकडून मुलाकडे जातं, तसंच वाय गुणसूत्रही. लेस्टर विद्यापीठात टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी 40 आडनावांच्या 1,678 पुरुषांचं वाय गुणसूत्र तपासून 2009 मध्ये निष्कर्ष मांडले. (याच टुरी किंगनी पुढे लेस्टरमध्ये वाहनतळाखाली सापडलेला सांगाडा राजा तिसऱ्या रिचर्डचाच, हे ठरवण्यात मोठा वाटा उचलला.) दोन स्मिथ एकमेकांना रस्त्यावरच्या कुणाही दोघांइतकेच परके निघाले. आडनाव जितकं दुर्मिळ, तितके त्यातले पुरुष एकाच पूर्वजाचे असण्याचा संभव वाढत गेला. त्याआधी 2007 मध्ये याच मंडळींच्या हाती एक विलक्षण गोष्ट लागली होती. पूर्व यॉर्कशायरच्या एका दुर्मिळ आडनावाच्या 18 पुरुषांपैकी सात जणांत पश्चिम आफ्रिकेतला, तिथेही क्वचित आढळणारा वाय गुणसूत्राचा प्रकार सापडला. दिसायला गोरेपान यॉर्कशायरवाले, आणि घरात कुणाला या पूर्वजाची गंधवार्ता नाही. दुर्मिळ आडनाव होतं म्हणून तो धागा दिसला. स्मिथांत तो गर्दीत हरवला असता.

पण नाव आणि रक्त नेहमी हातात हात घालून चालतात असं नाही, आणि इथेच फॅनशॉंची सगळ्यात रंगतदार गोष्ट येते.

घराण्याच्या एका शाखेतल्या सर मॅथ्यू फेदरस्टनहॉ यांनी 1747 मध्ये दक्षिण इंग्लंडात, ससेक्समध्ये अपपार्क नावाचा वाडा घेतला. त्यांचा मुलगा सर हॅरी, तरुणपणी चांगलाच रंगेल, सत्तरी ओलांडेपर्यंत बिनलग्नाचा. वाड्याच्या दूधघरात मेरी अ‍ॅन बुलक नावाची विशीतली मुलगी काम करायची. हॅरीनं तिला मागणी घातली. घरात सांगितली जाणारी हकीकत अशी: 'आत्ता उत्तर देऊ नकोस,' तो तिला म्हणाला. आज रात्री माझ्या जेवणात मेंढ्याची तंगडी येईल, होकार असेल तर तिचा एक काप कापून ठेव. रात्री ताट आलं, आणि काप कापलेला होता. 1825 मध्ये लग्न झालं. हॅरीनं तिला शिकायला पॅरिसला पाठवलं आणि 1846 मध्ये तो वारला, तेव्हा वाडा तिच्या नावावर केलेला होता. मूल नव्हतं. तिच्यामागे वाडा गेला तिच्या धाकट्या बहिणीकडे, फ्रान्सिसकडे. तिनं आडनाव बदलून फेदरस्टनहॉ केलं. ती 1895 मध्ये गेली, तेव्हा वाडा मिळाला टर्नूर घराण्यातल्या एका गृहस्थांना, त्यांनीही तेच आडनाव घेतलं. पुढे 1930 च्या सुमारास मीड नावाचे नौदल अधिकारी आले, त्यांनी मीड-फेदरस्टनहॉ केलं. अशा तऱ्हेनं शंभर वर्षांहून जास्त काळ ज्यांच्यात त्या मळईचा थेंबही नव्हता, अशी माणसं चार दगडांचं नाव चालवत होती.

याला इंग्लंडात मृत्युपत्रातली अटच असायची: इस्टेट हवी तर आमचं नाव आणि आमचं बोधचिन्ह घे. मराठी वाचकाला यात दत्तक दिसणारच. आणि मग सन आठवतात. हॅरी गेला 1846 ला. 1848 मध्ये कंपनी सरकारनं दत्तक नामंजूर करून साताऱ्याचं राज्य खालसा केलं, 1853-54 मध्ये झाशी. कायदेशीर दत्तक घेण्याची सोय खुद्द इंग्लंडात 1926 पर्यंत नव्हती, पण नाव लावा आणि इस्टेट घ्या हा व्यवहार राजाच्या परवान्यानिशी बिनबोभाट चालायचा. आपल्या घरात एक न्याय आणि साताऱ्याला दुसरा.

जाता जाता: फ्रान्सिसबाईंच्या काळात 1880 ते 1893 अपपार्कची कारभारीण होती सेरा वेल्स. तिचा मुलगा सुट्टीत यायचा आणि वाड्यातल्या पुस्तकांचा फडशा पाडायचा. तोच पुढे विज्ञानकथा लिहिणारा एच. जी. वेल्स झाला.

आता आणखी एक फॅनशॉ, तेही मधला 'ई' गाळणारे. जॉर्ज विल्यम फेदरस्टनहॉ, जन्म 1780. हे भूगर्भशास्त्रज्ञ होते, आणि 1834 मध्ये अमेरिकन सरकारनं नेमलेले पहिले. म्हातारपणी ते फ्रान्समधल्या ल हाव्र बंदरात ब्रिटनचे वकील, म्हणजे वाणिज्यदूत (कॉन्सल), होते. 1848 च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये क्रांती झाली आणि राजा लुई फिलिप जीव मुठीत घेऊन पळाला. लपतछपत तो किनाऱ्यावर पोचला, आणि त्याला जहाजावर चढवायची जबाबदारी या वकीलसाहेबांवर आली. राजाचे प्रसिद्ध कल्ले भादरले, डोळ्यांवर मोठा चष्मा चढवला, डोक्याला टोपी घातली. धक्क्यावर पहारेकऱ्यांसमोर फेदरस्टनहॉ त्याला 'काका' म्हणून भेटले, हवापाण्याच्या गप्पा मारत बोटीपर्यंत घेऊन गेले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात राजा इंग्लंडात उतरला.

प्रवासाच्या कागदांवर त्याला एक इंग्रज आडनाव लागणार होतं, कुणाच्या लक्षात राहणार नाही असं. त्यावर नाव घातलं होतं मिस्टर स्मिथ.